आधी बघा, मग बटण दाबा

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी, तर कुणी काडेपेट्यांवरची चित्रं. माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे बाटल्यांची एकशे चाळीस झाकणं आहेत! मी जमवते जुने कॉम्प्युटर. हसलात ना? आमच्या घरीही सगळे हसतात. पलंगाखाली तीन आणि कपाटावर एक, अशी माझी एकूण चार मशीन आहेत. सासूबाई केर काढताना विचारतात, "हे भंगार कधी जायचं गं?" मी म्हणते, "आई, भंगार नाही, पाहुणे आहेत ते." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाहुणे चार दिवसांत जातात!"

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. इंजिनिअर वगैरे नाही, डी. एड. झालेली साधी बाई आहे. मग हा नाद लागला कुठून? तर मामाकडून. माझ्या मामाचं तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की मी त्या दुकानातच पडीक असायचे. सोल्डरिंग करताना येणारा राळेचा वास मला अजूनही आवडतो.

आज तुम्हाला माझ्या पहिल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगणार आहे. खरं म्हणजे ही माझ्या दोन चुकांचीही गोष्ट आहे. त्यातली एक दुरुस्त झाली. दुसरी झाली नाही.

मी ज्या हायस्कूलमध्ये शिकले, तिथल्या प्रयोगशाळेत एक कुलूपबंद काचेचं कपाट होतं. त्याच्या खालच्या खणात निळ्या कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलेलं असायचं. शिपाईमामा सांगायचे, "कॉम्प्युटर आहे तो. लांबून बघायचं." लांबून काय बघणार, कपाळ! पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं मी ते निळं कापड पाहिलं. कॉम्प्युटर काही दिसला नाही.

पुढे २०२२ च्या जूनमध्ये त्या शाळेनं निरुपयोगी सामानाचा लिलाव काढला. मोडकी बाकं, गंजके पंखे, फुटक्या काचेची घड्याळं, आणि त्या ढिगात ते निळं कापड! साडेतीनशे रुपयांना मी ते घेतलं. कापड उचललं, तर खरंच कॉम्प्युटर! मलईच्या रंगाची पेटी, त्यातच बसवलेली काळी बटणं, वरच्या ओळीत दहा लाल बटणं आणि ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं एक छोटंसं घुबड. सोबत जुनी कंपासपेटी होती. तिच्यात एक कॅसेट निघाली. कॅसेटवर निळ्या शाईनं लिहिलं होतं : "८ वी ब. १) गाणे २) पाढे."

तुमच्यापैकी काहींनी कॅसेट पाहिलीही नसेल. पूर्वी गाणी ऐकायला ती वापरत. प्लास्टिकच्या डबीत दोन चाकं आणि त्यांना गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या काळचे छोटे कॉम्प्युटर आपले प्रोग्रामही याच फितीवर आवाजाच्या रूपात साठवायचे. या मशीनमध्ये दोन सूर असतात. एक सेकंदाला १२०० वेळा कंप पावणारा, दुसरा २४०० वेळा. जाड सूर म्हणजे शून्य, बारीक सूर म्हणजे एक. शून्य आणि एक यांच्या या माळेतच सगळा प्रोग्राम आला! कानाला मात्र नुसती चिरचिर ऐकू येते.

मी पेटी काखोटीला मारली आणि थेट मामाचं दुकान गाठलं. मामा चहाला गेला होता. थांबायला काय हरकत होती? पण सहा वर्षं वाट पाहिलेली बाई ती, थांबते कशाला! वायर लावली, बटण दाबलं. कीबोर्डवरचा लाल दिवा लागला. आतून "टूंऽऽऽ" असा एकसुरी आवाज सुरू झाला. मला इतका आनंद झाला म्हणता! अर्धा मिनिट गेला असेल नसेल, "फट्!" आणि भसाभस धूर! जळक्या वासानं दुकान भरून गेलं. मी घाबरून वायर उपटली.

तेवढ्यात मामा आला. त्यानं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अगं, तीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच शर्यतीत पळायला लावशील का? आधी नाडी बघशील ना?"

मी रडकुंडीला येऊन घरी गेले. वाटलं, मशीन तर गेलं, निदान कॅसेट तरी ऐकू. घरातला जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, फडक्यानं पुसला, कॅसेट घातली, बटण दाबलं. चिरचिर सुरू झाली आणि लगेच थांबली. झाकण उघडते तो काय, फितीचा सगळा गुंता! टेपरेकॉर्डरचं आतलं रबराचं चाक जुनं होऊन चिकट झालं होतं. त्यानं फीत ओढून चोळामोळा करून टाकली होती. एका दिवसात तीच चूक दोनदा केली. मामाचं बोलणं कानात शिरलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामानं मला एक शंभर पानी वही दिली. म्हणाला, "महिनाभर वायर लावायची नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं." आणि मंडळी, खरी मजा तिथून सुरू झाली!

पेटीच्या ज्या चार स्क्रूंपाशी 'फिक्स' असं लिहिलेलं असतं, ते काढले की झाकण निघतं. आत एक मोठा बोर्ड आणि त्यावर ओळीनं बसवलेल्या काळ्या चिप. मामानं डाव्या हाताची विजेची धातूची पेटी काढून घेतली. नुसता बोर्ड पुठ्ठ्यात ठेवून मी वर्गात नेला. सोबत चार भिंगं. विज्ञानाचा तास होता. म्हटलं, आज आपण गुप्तहेर व्हायचं. या यंत्राचा जन्म कधी झाला ते शोधायचं!

कसं शोधायचं, तुम्हीही शिकून घ्या. पुष्कळ चिपांवर एक चार आकडी संख्या छापलेली असते. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे ८४३१ असेल, तर १९८४ सालचा एकतिसावा आठवडा, ऑगस्टच्या सुरुवातीचा. बोर्डावरच्या सगळ्या तारखा लिहून काढायच्या आणि त्यांतली सर्वांत अलीकडची शोधायची. मशीन त्या तारखेनंतरच जुळवलेलं असणार. अजून न बनलेली चिप आधीच कशी बसवणार?

पण यात एक फसगत आहे. चिपवर तिच्या प्रकाराचा नंबरही असतो, आणि तो कधी कधी हुबेहूब तारखेसारखा दिसतो. ७४०४ ही संख्या वाचून १९७४ चा चौथा आठवडा समजाल, तर फसाल. तो प्रकाराचा नंबर आहे.

मुलं भिंगं घेऊन तुटून पडली. एक जण ओरडला, "बाई, ही १९८२ सालची! ८२७१ लिहिलंय!" मी फळ्यावर लिहायला खडू उचलला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला, "बाई, वर्षात बावन्न आठवडे असतात ना? मग एकाहत्तरावा कुठून आला?"

वर्ग गप्प. मीही गप्प. कारण माझ्यासुद्धा ते लक्षात आलं नव्हतं! ८२७१ हा प्रकाराचाच नंबर होता. डिस्क ड्राइव्ह चालवणारी चिप होती ती.

हे विचारणारी मुलगी कोण, ते सांगायला हवं. आमचा भाग ऊसतोड कामगारांचा. ती दरवर्षी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायची आणि चैत्राच्या सुमारास परत यायची. त्यामुळे तिचा अभ्यास कायम अर्धवट. पाढे सहापर्यंत नीट, सातला गाडी अडायची. मी प्रश्न विचारायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. तिला नाही येणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वर्षाचे आठवडे मी आदल्याच आठवड्यात शिकवले होते. बाकीच्यांनी ते पाठ केलं होतं. तिनं ते वापरलं.

आमच्या यादीतली सर्वांत अलीकडची तारीख निघाली ८४४३. म्हणजे १९८४ च्या ऑक्टोबरची अखेर. हायस्कूलमध्ये जाऊन जुनं डेडस्टॉक रजिस्टर पाहिलं, तर त्यात नोंद होती १९८५ सालची. हिशेब जुळला!

या मशीनचं नाव बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावातल्या एकॉर्न कंपनीनं ते १९८१ मध्ये बनवलं. लोकांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी बीबीसीनं टीव्हीवर कार्यक्रम सुरू केला, त्याच्या जोडीला हे यंत्र होतं. पण ते आमच्या तालुक्यात कसं आलं? तर १९८४ साली भारत सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यात निवडलेल्या शाळांना हेच मशीन दिलं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यातही ते 'युनिकॉर्न' या नावानं तयार झालं.

आणखी एक गंमत. हे यंत्र घडवणाऱ्यांत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोघं होते. याच दोघांनी पुढे एकॉर्नमध्येच 'आर्म' नावाचा प्रोसेसर रचला. पहिली आर्म चिप १९८५ मध्ये चालली. आज तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये बहुधा त्याच घराण्यातला प्रोसेसर असेल. म्हणजे माझ्या पलंगाखालचा पाहुणा तुमच्या मोबाइलचा चुलत आजोबा लागतो!

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती मुलगी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "बाई, ते सुरू झालं की मला दाखवाल?" मी म्हटलं, "दाखवीन." बोलून तर गेले. पण यंत्र सुरू होईल की नाही, ते मला कुठे ठाऊक होतं?

मग सुरू झाली दुरुस्ती. धूर कुठून आला, ते मामानं दाखवलं. विजेच्या पेटीत बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर असतो. तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेलाच जोडलेला असतो. त्याच्या आत कागद असतो. वर्षानुवर्षांत त्याच्या कवचाला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि हवेतला दमटपणा आत शिरतो. अशा कंडेन्सरला एकदम वीज दिली की तो फुटतो. आधी झाकण उघडून पाहिलं असतं, तर त्या चिरा डोळ्यांना दिसल्या असत्या! मामानं थेट लाइनवर चालणारा, सुरक्षित प्रकारचा नवा कंडेन्सर बसवला. किंमत फक्त काही रुपये. ही पेटी मात्र मामानंच उघडली. मला त्यानं हात लावू दिला नाही. आतले मोठे कंडेन्सर वायर काढल्यावरही वीज धरून ठेवतात आणि जोराचा झटका देतात. म्हणून तुम्हीही अशी पेटी कधीच उघडू नका.

मामानं पेटी वेगळी तपासली. मीटरवर बरोबर ५ व्होल्ट! मग बोर्डाला जोडली. आवाज आला, "टूंऽऽऽ". तोच एकसुरी आवाज, थांबायचं नाव नाही. पडदा कोरा.

मामा म्हणाला, "हा आवाज पहिल्या दिवशीही होता ना?" होता! मी तो आनंदानं ऐकत बसले होते. खरं तर ती तक्रार होती. बीबीसी मायक्रो सुरू केलं की आधी "टूं" वाजतं. मग प्रोसेसर जागा होतो, ठरलेल्या सूचना वाचायला लागतो आणि तो आवाज बंद करून छोटासा "बीप" देतो. "टूं-बीप" म्हणजे तब्येत ठीक. नुसतं "टूंऽऽऽ" म्हणजे प्रोसेसर सूचनांपर्यंत पोचतच नाही.

का पोचत नसेल? काही चिप बोर्डावर कायमच्या चिकटवलेल्या नसतात, सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात. त्यांचे पाय काळे पडले की वीज नीट वाहत नाही. मामानं नियम घालून दिला : एका वेळी एकच चिप. काढण्याआधी फोटो, वहीत नोंद, पाय साफ, पुन्हा त्याच दिशेनं बसवायची, मग तपासणी. दोन एकदम करायच्या नाहीत. दोन केल्या तर गुण कुणामुळे आला, ते कसं कळणार?

दर रविवारी मी मामाकडे जाऊ लागले. पहिला रविवार, टूंऽऽऽ. दुसरा, टूंऽऽऽ. तिसऱ्या रविवारी मामी म्हणाली, "तुमच्या यंत्राला दुसरं गाणं येत नाही का गं?" चौथ्या रविवारी, जानेवारी महिन्यात, सुरुवातीच्या सूचना साठवलेली चिप काढली. तिचे पाय काजळासारखे काळे. ब्रशनं साफ केले, चिप बसवली, बटण दाबलं.

"टूं-बीप!"

मामाच्या दुकानातल्या जुन्या टीव्हीवर पांढरी अक्षरं उमटली. बीबीसी कॉम्प्युटर ३२ के. खाली डिस्कची एक ओळ, मग बेसिक, आणि मग बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह. म्हणजे, "बोला, काय हुकूम?" मी टाइप केलं, प्रिंट २+२. उत्तर आलं, ४. एवढ्याशा उत्तरासाठी मी आणि मामानं टाळ्या वाजवल्या! ३२ के म्हणजे किती स्मरणशक्ती? मोबाइलवरचा ३ एमबीचा एक फोटो साठवायला असली जवळजवळ शंभर मशीन लागतील. तेवढ्यात बिचारं काम भागवायचं.

राहिली कॅसेट. मामानं फितीचा गुंता सोडवायला दोन संध्याकाळी घालवल्या. दोन ठिकाणी तुटली होती, ती जोडली. नवं रबरी चाक बसवलेला टेपरेकॉर्डर लावला. पडद्यावर आलं, सर्चिंग. मग पहिल्या प्रोग्रामचं नाव, इंग्रजी अक्षरांत 'गाणे'. आणि लगेच, "डेटा?" आणि "रिवाइंड टेप". पुन्हा लावलं. पुन्हा तेच. अकरा वेळा लावलं. शेवटी मामानं मान हलवली. चुरगळलेल्या तुकड्यातले सूर पुसले गेले होते.

आठवी ब मधल्या मुलांनी या मशीनवर कुठलं गाणं बसवलं होतं? शाळेची प्रार्थना की सिनेमातलं एखादं? ती मुलं आज पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांचं गाणं तीस-पस्तीस वर्षं त्या कंपासपेटीत सुखरूप होतं. माझ्या हाती आलं आणि एका संध्याकाळी गेलं.

दुसरा प्रोग्राम मात्र चालला.

एप्रिलमध्ये ती मुलगी कारखान्यावरून परत आली. दुसऱ्या दिवशी मशीन वर्गात आणलं, टीव्हीला जोडलं. पहिला मान तिचा. 'पाढे' सुरू झालं. पडद्यावर प्रश्न आला, ७ गुणिले ८? तिनं टाइप केलं ५४. इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली, "पुन्हा प्रयत्न करा". आणि यंत्र थांबून राहिलं. तिनं ५८ लिहिलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबणं. मागची मुलं उत्तर सांगायला उतावीळ झाली होती, त्यांना मी हातानंच गप्प केलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. सात साते एकोणपन्नास, अजून सात... एक मिनिट तरी गेला असेल. मग तिनं ५६ लिहिलं. बीप!

त्या एका मिनिटात मला फार वाईट वाटलं, मुलांनो. तिला उत्तर येत होतं. फक्त थोडा वेळ हवा होता, आणि तो मी तिला कधी दिला नव्हता. आता मी प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजते, मगच पुढे जाते.

तुमच्याही घरी, शाळेत, माळ्यावर एखादं जुनं यंत्र असेल. भंगारवाल्याला देण्याआधी त्याचं झाकण पुसा. त्यावरचं नाव आणि नंबर वहीत लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा. ते कुणी आणलं, त्यावर काय चालायचं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. पण वायर लावू नका. ते काम जाणत्या माणसाला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसून बघा. जुने जाडजूड टीव्ही आणि मॉनिटर तर अजिबात उघडू नका, त्यांत फार मोठा विजेचा दाब असतो.

मामानं दिलेली ती शंभर पानी वही मी अजून वापरते. प्रत्येक यंत्राला दोन पानं. काय सापडलं, काय बिघडलं होतं, कसं सुधारलं, असे रकाने आहेत. पहिल्या यंत्राच्या पानावर मी शेवटी एक रकाना वाढवला : काय गमावलं. त्यात लिहिलं आहे, "गाणे. माझ्या घाईमुळे."

पुढच्या तीन यंत्रांच्या पानांवर तो रकाना अजून कोरा आहे.